हिरव्या चादरीचं अरण्य

भिंगकाकांच्या चष्म्याच्या दुकानाला पाटी होती, पण ती कोणाला वाचता येत नसे. पाटीवर काकांनी वेल चढवली होती. वेलीला बारीक पिवळी फुलं येत, त्यांचे फोटो काढता येत, आणि पाटीवरचं सासऱ्यांचं नाव झाकलं जाई. यातलं शेवटचं कारण काका कोणाला सांगत नसत. दुकान सासऱ्यांचं. काका तिथे काचा घासायला म्हणून लागले, मग जावई झाले, मग सासरे गेले आणि जाताना दुकान मुलीच्या नावावर करून गेले. त्यामुळे काका धड मालकही नव्हते आणि धड नोकरही नव्हते. अशा माणसाला काहीतरी स्वतःचं लागतंच. कोणी बाटली धरतो, कोणी राजकारण धरतो. काकांनी फुलं धरली.

गल्लीत त्यांना भिंगकाका म्हणत, ते काही चष्म्यांमुळे नव्हे. कॅमेऱ्याला एक लांबुळकं भिंग लावून ते फुलाच्या इतके जवळ जात की बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस फूल हुंगतोय, नाहीतर खातोय. एकदा चौकातल्या गोल बागेत ते पालथे पडलेले दिसले, तेव्हा कोणीतरी घाबरून अँब्युलन्स बोलावली. अँब्युलन्सवाल्याने खांदा हलवून पाहिला तर काका जमिनीवरूनच खेकसले, "हलवू नका हो, केसर आत्ता कुठे शार्प यायला लागलंय." हा रोगी आपल्या कामाचा नाही असं म्हणून अँब्युलन्स परत गेली.

कला मात्र सोपी नव्हती आणि काकांना ती येत होती, हे कबूल केलं पाहिजे. फुलाच्या एवढं जवळ गेलं की फोटोत स्पष्ट येणारा भाग नखाच्या जाडीइतकाच उरतो. त्याच्या अलीकडचं धूसर, पलीकडचं धूसर. कॅमेरा स्टँडवर ठेवला तर निभतं, पण हातात धरला तर छातीचा ठोकासुद्धा फोटोत उतरतो. काका दोन्ही कोपरं बरगड्यांना घट्ट लावत, अर्धा श्वास घेऊन तो तिथेच अडकवत आणि कंबरेतून केसभर पुढे, केसभर मागे असे झुलत. झुलताना हवा तो तंतू त्या नखभर पट्टीत आला की बटण. वारा आला की पुन्हा पहिल्यापासून. अशा शेपन्नास फोटोंतून एखादा जमे, आणि जो जमे तो खरोखर बघत राहावा असा असे. फुलाच्या पोटातले रंग, परागाचे दाणे, पाकळीवरच्या शिरा. माणसाला एवढ्या जवळून पाहिलं तर तो इतका चांगला दिसत नाही, हेही काकांना फुलं आवडण्याचं एक कारण असावं.

पण नुसती कला येऊन काकांचं पोट भरत नसे. त्यांना तत्त्वही लागे. स्टँड वापरणाऱ्याला ते काठी टेकत चालणारा म्हणत. फ्लॅश मारणं म्हणजे फुलाच्या कानफटात मारणं. उजेड सूर्याचाच हवा, कॅमेरा हातातच हवा, फूल रानात जिथे उगवलं तिथेच हवं, आणि काढणारा एकटा हवा. "दुसऱ्याचा हात लागला की फोटो उष्टा झाला," असं ते छायाचित्र मंडळात ठणकावून सांगत. मंडळ दर महिन्याला वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये जमे आणि काकांचं हे भाषण दर महिन्याला ऐके. शेवटी ऐकून ऐकून कंटाळलेल्या लोकांनी त्याचाच नियम करून टाकला.

आता काकूंबद्दल. दुकान काकू चालवत. नंबर काढणं, काच बसवणं, वाकडी दांडी सरळ करणं, उधारीवाल्याला गोड बोलून आठवण करून देणं, सगळं त्याच. काका सकाळी दुकानात येत, दोन-चार काचा पुसत आणि उन्हाकडे बघत. ऊन तिरपं झालं, मऊ झालं, की ते उठत. "अगं, जरा वर येतेस का," एवढंच म्हणत. मग काकू दुकानाच्या दारावर 'दहा मिनिटांत येतो' ही चिठ्ठी अडकवून वरच्या मजल्यावरच्या घराच्या गच्चीत जात. दहा मिनिटं म्हणजे तासभर, हे गिऱ्हाइकांना पाठ झालं होतं.

कारण काकांचं रान गच्चीत होतं. त्यांना गुडघाभर गवतात शिरायला आवडत नसे. तिथे किडे असत, आणि चहा नसे. गच्चीत कुंड्या होत्या, फुटक्या बादल्या होत्या, त्यांत लावलेली आणि आपोआप उगवलेली झाडं होती. कमी होतं ते फक्त रान. ते काकूंनी धरायचं. घरात एक जुनी हिरवी चादर होती, धुऊन धुऊन कुठे गडद कुठे फिकट झालेली. ती फुलाच्या मागे पसरून धरली की फोटोत ती विरघळून जाई आणि मागे घनदाट अरण्य उभं राही. काकू चादर धरून उभ्या, काका समोर गुडघ्यांवर. "डावीकडे. एवढं नको. खाली. चुणी पडलीय, ताण जरा. आता हलू नकोस. श्वास धर." काकू श्वास धरत. काका स्वतःचा श्वास सोडत, पुन्हा घेत, पुन्हा अडकवत, पण काकूंना "सोड" म्हणायचं त्यांच्या लक्षात राहत नसे.

आणि दव. दव गच्चीत पडत नसे, निदान काका उठत त्या वेळेपर्यंत टिकत नसे. मग डोळ्यांत औषध घालायच्या ड्रॉपरने पाण्यात ग्लिसरीन मिसळून थेंब ठेवायचे. ड्रॉपर दुकानातलेच. ग्लिसरीनचा थेंब गोल राहतो, वाळत नाही, पाकळीवरून घसरत नाही. खऱ्या दवापेक्षा तो जास्त दवासारखा दिसतो, हे काकांचं मत. हे मत त्यांनी मंडळात कधी मांडलं नाही.

आपण खोटं बोलतो असं काकांना कधीच वाटलं नाही, ही गोष्ट समजून घ्यायला हवी. उजेड सूर्याचा होता की नाही? होता. फूल उगवलं तिथेच होतं की नाही? होतं. कॅमेरा हातात होता की नाही? होता. राहता राहिला प्रश्न एकटेपणाचा. तर मदत म्हणजे बाहेरच्या माणसाची. काकू घरातल्याच. बादली घरातली, चादर घरातली, तशा काकू. बादलीने मदत केली असं कोणी म्हणत नाही.

मंडळाचं वर्षातून एकदा प्रदर्शन भरे आणि त्यात एक रीत होती. ती काकांनीच घालून दिलेली. ज्याचा फोटो त्याने फोटोशेजारी उभं राहून सर्वांसमोर सांगायचं, हा मी कसा काढला. पुरावा कोणी मागायचा नाही. तिथे उभा राहून माणूस जे सांगेल ते खरं धरायचं. कलावंताच्या शब्दावर विश्वास नसेल तर मंडळ हवंच कशाला, असं काका म्हणत.

आदल्या वर्षी याच रीतीपायी दातवाल्या डॉक्टरांचं नाक कापलं गेलं होतं. डॉक्टर मंडळात नवे. कामाच्या सवयीने त्यांचा हात स्थिर, आणि लहान ओल्या जागेत उजेड पाडायची कला त्यांच्या बोटांत होतीच. त्यांनी एका फुलाच्या नळीत आतपर्यंत उजेड नेला होता, फोटो सुंदर आला होता. त्यांनी शेजारी उभं राहून भाबडेपणाने सांगून टाकलं, की तोंडात घालायचा दांडीचा छोटा आरसा असतो ना, त्याने ऊन आत वळवलं. काका ताडकन उठले. "आरशातून आलेला उजेड सूर्याचा राहत नाही," ते म्हणाले, "तो आरशाचा होतो." आणि त्यांनी स्वतःच्या हातांनी डॉक्टरांचा फोटो भिंतीवरून उतरवून जमिनीवर भिंतीकडे तोंड करून ठेवला. डॉक्टरांचे दोन-तीन पेशंट प्रदर्शनाला आले होते, त्यांच्यासमोर. खरं बोलल्याची ही किंमत पाहून पुढच्या वर्षी सगळ्यांनीच काय काय सांगायचं याची नीट तयारी केली.

तर यंदा मंडळाने ठरवलं की एकाला आजीव परीक्षक करायचं. त्याचं नाव पितळी अक्षरांत हॉलच्या भिंतीवर बसवायचं. नाव जवळजवळ ठरलेलंच होतं. काकांनी फक्त एक फोटो मांडायचा, शेजारी उभं राहून सांगायचं, की झालं. काकांची त्या बातमीने झोप उडाली. पितळी अक्षरं. भिंतीवर. स्वतःच्या नावाची, सासऱ्यांच्या नव्हे. दुकानात बसल्या बसल्या ते बोटाने काउंटरच्या काचेवर आपलं नाव लिहीत आणि काकू फडकं फिरवून ते पुसत, कारण गिऱ्हाइकाला काचेवर बोटांचे ठसे दिसलेले चालत नाहीत.

फूल कोणतं घ्यायचं यावर आठवडाभर खल झाला. खल काकांचा काकांशीच. शेवटी फुटक्या बादलीत एक निळं फूल आपोआप उगवलं. काकू ते तण म्हणून उपटणार होत्या, काकांनी झडप घालून वाचवलं. "हे रानातलं आहे," ते म्हणाले. "दुर्मीळ."

"नाक्यावर गटाराशेजारी भरपूर आहे की," काकू म्हणाल्या.

"तू चादर आण."

सकाळचं ऊन बादलीवर आलं होतं. काकांनी ड्रॉपरने थेंब ठेवले, सात-आठ, पाकळीच्या कडेकडेने. काकू गाऊनवर, केसांना चिमटे लावलेल्या, तशाच आल्या आणि चादर पसरून उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे दोरीवर धुणं वाळत होतं. काका झुलू लागले. वारा पडेपर्यंत, श्वास जमेपर्यंत, ऊन हवं तेवढं तिरपं असेपर्यंत दोघं तसेच. मग एक फोटो असा आला की काकांनी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर तो मोठा करून पाहिला आणि पुन्हा पाहिला. केसराचं टोक, त्यावरचा परागाचा एकेक दाणा, सगळं लख्ख. मागे काळंभोर हिरवं अरण्य. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी केसर पाहिलं, केसरच पाहत राहिले.

थेंब पाहिले नाहीत. आता थेंब म्हणजे काय, तर भिंगच. गोल, पारदर्शक, उत्तम भिंग. त्याच्यामागे, अगदी चादरीच्या कडांबाहेरसुद्धा, जे जे असेल ते सगळं तो आपल्या पोटात घेतो, लहान करतो, उलटं करतो आणि स्पष्ट ठेवतो. मागचं सगळं धूसर झालं तरी थेंबातलं धूसर होत नाही. हे शाळेतल्या मुलाला माहीत असतं. ज्याने सगळी हयात भिंगांच्या दुकानात काढली त्याने हे विसरावं, म्हणजे त्याचं मन त्या वेळी पितळी अक्षरांत किती गुंतलं होतं ते बघा.

फोटो छापायचं आणि चौकटीत बसवायचं काम काकूंच्या धाकट्या भावाकडे. त्याचं फोटो छापायचं दुकान होतं. दरवर्षी काका वहीच्या पानाएवढा फोटो करून घेत. यंदा म्हणाले, "दाराएवढा कर."

"दाराएवढा? दाजी, फूल नखाएवढं आहे."

"म्हणूनच," काका म्हणाले.

प्रदर्शनाच्या दिवशी हॉल भरला होता. अध्यक्ष म्हणजे पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले एक शांत गृहस्थ, त्यांचं निम्मं लक्ष चहाकडे. दातवाले डॉक्टर मागच्या रांगेत. काकू ठेवणीतले कपडे घालून पुढच्या रांगेत, कारण काकांनी तसं सांगितलं होतं. आजीव परीक्षकाच्या पत्नीने पुढे बसायला हवं. दाराएवढा फोटो झाकून ठेवलेला होता. त्यावरचं कापड ओढलं तेव्हा हॉलमधल्या सगळ्यांच्या माना खरोखर वर झाल्या. फोटोचं नाव 'अरण्यातली पहाट'. काका शेजारी उभे राहिले, घसा साफ केला आणि सांगू लागले.

अंधारात उठून कसे निघालो. ओल्या गवतातून किती चाललो. हे फूल वर्षातून काहीच दिवस कसं फुलतं. दव कसं पडलेलं होतं, आणि पहिला किरण येताना मी गुडघ्यांवर बसून श्वास कसा धरला. "त्या वेळी तिथे तिघंच होतो," काकांचा आवाज भरून आला. "मी, फूल आणि सूर्य. चौथं कोणी नव्हतं."

टाळ्या झाल्या. काकांनी मान लववली. तेवढ्यात दातवाले डॉक्टर उठून पुढे आले. त्यांच्या मनात तेव्हा वाकडं काही होतं असं म्हणवत नाही. एवढा मोठा फोटो जवळून बघावा म्हणून ते आले. पण सवय कुठे जाणार. माणूस आयुष्यभर बारीक ओल्या जागांमध्ये डोकावत आलेला. ते एका थेंबापाशी थांबले. मग त्यांनी मान तिरकी केली, आणखी तिरकी केली, कंबरेत वाकून जवळजवळ उलटी केली.

"काका," ते म्हणाले, "जंगलात हे वाळत काय घातलंय?"

"कुठे?"

"ह्या थेंबात. दोरी दिसतेय. बनियन आहे. आणि ही पट्ट्यापट्ट्यांची चड्डी."

मागून कोणीतरी फिसकन हसलं. मग लोक उठून पुढे आले आणि हॉलमधल्या सगळ्या सुशिक्षित मंडळींनी एकेक थेंब वाटून घेऊन माना उलट्या केल्या. प्रत्येक थेंबात तेच. उलटी गच्ची, उलटी दोरी, उलटी चड्डी. आणि मधोमध गाऊन घातलेली, केसांना चिमटे लावलेली एक बाई, हातांत हिरवं काहीतरी पसरून उभी.

"ही बाई कोण?" अध्यक्षांनी विचारलं. त्यांच्या हातात चहाचा कप होता आणि तो तसाच राहिला होता. "तुम्ही तर आत्ताच म्हणालात, चौथं कोणी नव्हतं."

समोरच्या भिंतीवर पितळी अक्षरं आधीच बसवलेली होती, वर रिबीन लावून झाकलेली. बस, रिबीन सोडायची बाकी होती. ते उजवीकडे बघू शकले असते. उजवीकडे पुढच्या रांगेत काकू बसल्या होत्या. "ही माझी बायको, हिनेच धरलंय सगळं," एवढं एक वाक्य होतं. लोक हसले असते, अक्षरं उतरवली गेली असती, आणि संध्याकाळपर्यंत सगळं विसरलं गेलं असतं.

"नव्हतंच कोणी," काका म्हणाले. "कोणीतरी बाई जात होती मागून. सहलीला आली असेल. चादरबिदर अंथरत असेल. आता तिला काय मोजायचं?"

हॉलमध्ये ज्याने ज्याने काकूंकडे चष्मा करून घेतला होता, त्या सगळ्यांना ती बाई ओळखू आली होती. म्हणजे जवळजवळ सगळ्यांना. आता कोणी हसत नव्हतं. लोक फोटोकडे बघत नव्हते आणि काकूंकडेही बघत नव्हते, कुठे बघावं ते त्यांना कळत नव्हतं. दातवाल्या डॉक्टरांना तर आपण उगाच उठलो असं होऊन गेलं. काकांची थोडी फजिती झाली असती तर त्यांना चाललं असतं, पण हे नको होतं.

अध्यक्ष साधे होते. ते काकूंकडे वळले. "वहिनी, तुम्हीच बघा जरा. ओळखता का या बाईंना?"

काकू उठल्या. पर्समधून जवळचा चष्मा काढला, घातला. फोटोपाशी जाऊन त्यांनी एक थेंब पाहिला. बराच वेळ पाहिला. इतक्या वर्षांत काकांनी काढलेल्या हजारो फोटोंमध्ये त्या पहिल्यांदाच दिसल्या होत्या, तेही डोकं खाली, पाय वर. काका शेजारीच उभे होते. काकूंचा श्वास त्यांना ऐकू येत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काकूंच्या तोंडाकडे असं पाहिलं, की आता ही काय बोलेल त्यावर आपलं सगळं आहे.

"नाही बाई," काकू म्हणाल्या. "मी नाही ओळखत. हे म्हणतायत ना कोणीतरी होती म्हणून, मग असेल कोणीतरी."

आणि चष्मा काढून, पुसून, पर्समध्ये ठेवून त्या जागेवर जाऊन बसल्या.

रीत म्हणजे रीत. फोटोशेजारी उभं राहून माणूस सांगेल ते खरं धरायचं. अध्यक्षांनी रिबीन सोडली. टाळी पहिल्यांदा दातवाल्या डॉक्टरांनी वाजवली, एकेक सुटी, सावकाश. मग इतरांनी वाजवली. काका आजीव परीक्षक झाले, पितळी अक्षरं चकाकत होती, आणि चहाच्या वेळी त्यांच्याशेजारी उभं राहायला कोणी आलं नाही.

घरी जाताना काकू नेहमीसारख्या बोलल्या. दुधाचं बोलल्या, उद्या कोणाचा चष्मा द्यायचाय ते बोलल्या. काकांना हायसं वाटलं. बायको समजूतदार आहे, असं त्यांनी मनात म्हटलं, आणि हे आपण फार मोठ्या मनाने म्हणतोय असंही त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी ऊन बादलीवर आलं. त्याच रोपाला आणखी एक फूल आलं होतं, फोटोतल्यापेक्षा चांगलं. काकांनी जिन्यावरून हाक मारली, "अगं, जरा वर येतेस का." उत्तर आलं नाही. खाली जाऊन पाहतात तर काकूंनी दुकान लवकर उघडलं होतं, गिऱ्हाईक बसलं होतं, आणि दारावरची 'दहा मिनिटांत येतो'ची चिठ्ठी काढून टाकलेली होती. काका परत वर गेले. त्यांनी चादर दोरीवर टाकून पाहिली; वाऱ्याने ती फुलावर येऊन आपटली. खुर्चीच्या पाठीवर टाकून पाहिली. अरण्यात खुर्चीचे कोपरे आले. मग डाव्या हाताने स्वतःच चादर धरून उजव्या हाताने कॅमेरा धरला. सगळे फोटो हलले. आजीव परीक्षकांनी कॅमेरा पिशवीत घातला आणि ते दुकानात येऊन काचा पुसत बसले.

दुपारी मेहुणा टेम्पोतून दाराएवढा फोटो परत घेऊन आला. दोघांनी मिळून तो दुकानातल्या भिंतीशी टेकवला. काकू आतल्या टेबलाशी एका चष्म्याचा स्क्रू बसवत होत्या. मेहुणा कालच्या प्रदर्शनाला आला नव्हता, पण गाव लहान, त्याला सगळं कळलेलं होतं. तो जायला निघाला आणि दारात थांबला.

"दाजी, मी छापतानाच बघितलं होतं," तो हळू आवाजात म्हणाला. "थेंबात ताई आहे ते. मला वाटलं, तुम्ही मुद्दामच घेतलीय. म्हटलं, एवढ्या वर्षांनी का होईना, घेतलं तिला फोटोत. बरं वाटलं होतं मला."

मेहुणा गेला. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. काही वेळाने काका उठले आणि त्यांनी तो दाराएवढा फोटो उलटा केला. अरण्य खाली डोकं करून उभं राहिलं, फूल छताकडून लोंबू लागलं, आणि थेंबातली बाई सरळ झाली. ड्रॉवरमधून काच तपासायचं भिंग घेऊन काका जमिनीवर बसले आणि सवयीने श्वास धरून त्यांनी बघायला सुरुवात केली.

चादरीचं एक टोक तिने हनुवटीखाली दाबून धरलं होतं, कारण हात पुरत नव्हते. डोळे घट्ट मिटलेले होते. ऊन थेट तोंडावर येत होतं. आणि चादरीच्या कडेबाहेर तिचे पाय दिसत होते; ती एकाच पायावर उभी होती. उजवा पाय तिने अर्धवट उचलून पालथ्या कुंडीवर टेकवला होता, ज्या माणसाला त्या पायावर भार सोसत नाही तो टेकवतो तसा. काकांनी दुसरा थेंब पाहिला. तिथेही तसाच. किती दिवसांपासून हे असं असेल, आणि तासतासभर आपण हिला उभं करत होतो, या विचाराने त्यांना शरम वाटली. खरी शरम.

"अगं," ते जमिनीवर बसल्या बसल्याच म्हणाले, "तुझा उजवा गुडघा दुखतो का?"

काकूंनी मान वर केली नाही. बारीक स्क्रू पिळून त्यांनी दांडी उघडझाप करून पाहिली.

"कोणाचा, त्या बाईचा?" त्या म्हणाल्या. "मला काय माहीत. तुमच्या मागून जात होती ना? तेव्हाच थांबवून विचारायचं होतंत."